महागड्या माउंटन बाईकची किंमत वसूल होते का? कोल्हापुरातील सायकलस्वारांचे नेहमीचे प्रश्न

शिवाजी उद्यमनगरातील एका शेडमध्ये लेथ आणि मिलिंगच्या कामावर माझा दिवस जातो, आणि संध्याकाळी त्याच शेडच्या कोपऱ्यात मी माउंटन बाईक दुरुस्त करतो. पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार, गगनबावडा अशा वाटांवर सायकल घालणारे शहरातले आणि आसपासच्या तालुक्यांतले लोक तिथे येतात. सायकल स्टँडला लावून चाके काढेपर्यंत गप्पा रस्त्यांच्या होतात, त्यानंतर विषय किमतीवर येतो आणि तिथेच रेंगाळतो. त्या गप्पांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघाले, त्यांची उत्तरे येथे लिहिली आहेत. मी सायकली विकत नाही, त्यामुळे कोणी महाग घेतली किंवा स्वस्त घेतली तरी मला फरक पडत नाही. मात्र हप्त्यांवर घेतलेली सायकल सहा महिन्यांनी जिन्याखाली धूळ खात पडलेली पाहिली की मनापासून वाईट वाटते, आणि एवढ्यासाठीच हे सविस्तर लिहावेसे वाटले. रुपयांतले आकडे ढोबळ आहेत. खरेदीच्या दिवशीचा भाव दुकानात विचारूनच घ्यावा.

महागडी माउंटन बाईक म्हणजे नेमकी केवढ्याची?

बाजारात साधारण चार पायऱ्या दिसतात. १५ ते ३० हजारांत ‘एमटीबी’ म्हणून मिळणारी गिअरची सायकल दिसायला माउंटन बाईकसारखी असते, पण तिचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुपायी भाग, साध्या स्प्रिंगचा आणि जड असतो, दाबला की तितक्याच जोराने उसळतो. शहरातले खड्डे आणि उसाच्या शेतातली पाणंद यांना ती पुरते. पन्हाळ्याच्या कड्याखालच्या दगडी वाटेवर ती घालू नये. ६० हजारांपासून दीड लाखापर्यंत खरी हार्डटेल मिळते, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, हवेवर चालणारा फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि पुढे एकच चेनव्हील. दोन लाखांच्या आसपास पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या सायकली सुरू होतात. चार लाखांपुढे कार्बनची फ्रेम आणि वरच्या श्रेणीचे सुटे भाग येतात, आणि नामांकित परदेशी कंपन्यांची अगदी वरची मॉडेल १० लाखांच्याही पुढे जातात. या पानावर ‘महागडी’ हा शब्द चार लाखांपुढच्या सायकलींसाठी वापरला आहे.

एवढ्या पैशात चांगली मोटारसायकल येते. मग बिनइंजिनाची सायकल एवढी महाग कशी?

कोल्हापुरात हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला चटकन पटते. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एखाद्या कास्टिंगची चौकशी आली की पहिले विचारले जाते ते ‘लॉट केवढ्याचा?’, कारण पॅटर्न, कोअर बॉक्स आणि फिक्श्चर यांचा खर्च शेवटी नगांवर वाटला जातो. हिरो स्प्लेंडरसारखी मोटारसायकल महिन्याला दोन लाखांहून जास्त खपते, तेव्हा कोट्यवधींच्या डायचा भार एका गाडीवर नगण्य पडतो. माउंटन बाईकच्या कार्बन फ्रेमचे तसे नसते. लहान, मध्यम, मोठे आणि अतिमोठे अशा प्रत्येक मापाला धातूचा वेगळा साचा लागतो, त्या साच्यात राळ लावलेल्या कार्बन कापडाचे शेकडो तुकडे ठरलेल्या दिशेने हाताने बसवावे लागतात, आणि तीन-चार वर्षांत मॉडेल बदलले की ते साचे बाजूला पडतात. एवढे करून जगभरात खपणारे नग मोटारसायकलीच्या तुलनेत मूठभरच असतात.

दुसरे कारण वजनाचे आहे. सुमारे ११० किलोच्या मोटारसायकलीत एखादा ब्रॅकेट दोनशे ग्रॅमने जड झाला तर चालवणाऱ्याला कळतही नाही. १३ किलोच्या सायकलीने मात्र ८० किलोच्या माणसाला दगडांवरून उतरताना सांभाळायचे असते, म्हणून तिचा प्रत्येक भाग पातळ हवा आणि तरी तो वाकता कामा नये. एका क्रँकचा, म्हणजे पायडलच्या दांड्याचा, जुना तुटलेला नमुना मी कापून पाहिला होता. आत तो पोकळ होता, भिंत तीन मिलिमीटरच्या आसपास, आणि बाहेरून ओतकामाचा नव्हे तर फोर्जिंगचा भाग. असा भाग आपल्याकडे करायला दिला तर सुरुवातीचे दर ऐकूनच गिऱ्हाईक परत जाईल.

म्हणजे किंमत हवेतून आलेली नाही. पण एखादी वस्तू करायला किती खर्च आला हा हिशेब कारखान्याचा झाला. ती आपण त्या भावाला घ्यावी का, हा हिशेब आपल्याला स्वतःच्या वाटा आणि स्वतःचे पाय पाहून मांडावा लागतो. पुढची बहुतेक उत्तरे त्या दुसऱ्या हिशेबाची आहेत.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत किमती एवढ्या का वाढल्या?

चांगल्या माउंटन बाईकच्या फ्रेम बहुतेक करून तैवान, चीन आणि व्हिएतनाम येथे तयार होतात, गिअर जपानच्या शिमानोचे किंवा अमेरिकेच्या स्रॅमचे असतात, आणि सगळा व्यवहार डॉलरमध्ये होतो. २०१० साली डॉलर साधारण ४५ रुपयांना होता. २०२३ मध्ये तो ८२-८३ रुपयांवर गेला. कंपनीने एक डॉलरही वाढवला नसता तरी तीच सायकल आपल्याला पावणेदोन पटीहून महाग पडली असती. त्यावर २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सायकलींवरील आयात शुल्क ३० टक्क्यांवरून ३५ टक्के झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला ही समाधानाची गोष्ट आहे, तरी आयात सायकलीवरचा एकूण बोजा त्याने थोडाच हलका होतो.

कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, जगभर सायकलींना अचानक मागणी आली, जहाजांचे भाडे भडकले, सुट्या भागांसाठी महिनोन्महिने थांबावे लागले आणि छापील किमती वर सरकल्या. नंतर २०२३ मध्ये गोदामे भरून पडली आणि मोठ्या सवलती द्याव्या लागल्या. ज्यांनी तेव्हा थांबून घेतले त्यांना चांगला सौदा मिळाला.

या सगळ्याखेरीज एक कारण असे आहे की सायकलच बदलली. चाक २६ इंचांवरून २७.५ आणि मग २९ इंचांवर गेले. मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, रुंदी १३५ मिलिमीटरवरून १४२ आणि २०१५ च्या सुमारास १४८ झाली. २०१२ मध्ये स्रॅमने पुढे एकच चेनव्हील आणि मागे ११ चक्रे दिली, २०१६ मध्ये ती १२ केली, आणि शिमानोने २०१८ मध्ये एक्सटीआर ही आपली सर्वांत वरची श्रेणी १२ गिअरची केली. यातले काय खरोखर उपयोगी ठरले, यावर माझे मत असे आहे की २९ इंची चाक, पुढचे एकच चेनव्हील आणि उतारावर सीट खाली घेता येणारा ड्रॉपर सीटपोस्ट या तीन गोष्टींनी सायकल चालवणे खरोखर सुधारले. हबची रुंदी सहा मिलिमीटरने वाढवल्यामुळे चाक थोडे ताठ झाले हे खरे, पण त्या सहा मिलिमीटरसाठी चांगली जुनी चाके नव्या फ्रेमला बसेनाशी झाली, आणि तो खर्च कोणत्याही जाहिरातीत लिहिलेला नसतो.

मग नेमका किती रुपयांपर्यंत पैशाचा मोबदला मिळतो?

माझ्या अनुभवाने हार्डटेलमध्ये सव्वा ते दीड लाख आणि फुल सस्पेन्शनमध्ये अडीच ते तीन लाख येथपर्यंत प्रत्येक जादा रुपया वाटेवर जाणवतो. त्यापुढे काम तेच राहते. वजन थोडे उतरते, वळवायच्या कळा वाढतात आणि हाताला लागणारा पोत अधिक सुबक होतो.

असे होण्याचे मुख्य कारण म्हणजे वरच्या श्रेणीत आलेली चांगली कल्पना दोन-तीन वर्षांत खाली उतरते. एक्सटीआरमध्ये २०१८ ला आलेले १२ गिअर २०२० मध्ये डिओर या खालच्या श्रेणीत आले, तेही १० दातांपासून ५१ दातांपर्यंतच्या त्याच पल्ल्यासह. गगनबावड्याच्या चढावर सर्वांत मोठ्या चक्रावर चेन चढवली की पायाला डिओर आणि एक्सटीआर यांतला फरक कळत नाही, कारण दातांची संख्या तीच असते.

सर्वांत मोठी सुधारणा तर धातूच्या किमतीतली नव्हेच. पंधरा-वीस वर्षांपूर्वी माउंटन बाईकचा पुढचा कोन, म्हणजे फोर्कचा जमिनीशी होणारा हेड अँगल, ७० ते ७१ अंशांच्या आसपास असे आणि हँडल अरुंद असे; तीव्र उतारावर पुढच्या चाकावरून पालथे पडण्याची धास्ती सतत असायची. आज हा कोन ६५-६६ अंशांपर्यंत खाली आला आहे, फ्रेम लांब झाली आहे आणि हँडल ७६० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असते. नळी कोणत्या कोनात जोडायची हा नकाशावरचा निर्णय आहे, त्याला जादा माल लागत नाही, आणि म्हणूनच आजची सव्वा लाखाची चांगली हार्डटेल त्या काळच्या सर्वांत महागड्या सायकलीपेक्षा उतारावर अधिक विश्वासाची वाटते. सायकल निवडताना डिरेलरवरचे, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागावरचे, नाव नंतर पाहावे, आधी हे आकडे आणि आपल्या उंचीला बसणारे माप पाहावे. चुकीच्या मापाची आठ लाखांची सायकल बरोबर मापाच्या लाखाच्या सायकलीपुढे टिकत नाही.

किमतीबरोबर फरक खरोखर वाढतो अशा जागाही आहेत. फोर्कचा आतला डॅम्पर, म्हणजे उसळी आवरणारा भाग, ही पहिली. स्वस्त हवेचा फोर्क आणि मध्यम श्रेणीचा फोर्क यांतला फरक दगडांच्या पहिल्याच पट्ट्यात मनगटाला कळतो. पण तिथेही एक मर्यादा येते. फॉक्स कंपनीच्या परफॉर्मन्स एलिट आणि फॅक्टरी या दोन श्रेणींत आतला डॅम्पर तोच मिळतो आणि मुख्य फरक वरच्या नळ्यांवरच्या सोनेरी कशिमा लेपाचा असतो. दुसरी जागा ब्रेकची. पन्हाळ्यावरून उतरताना चार पिस्टनचा ब्रेक आणि १८० किंवा २०३ मिलिमीटरची डिस्क असेल तर एका बोटाने सायकल ताब्यात राहते, हात आखडत नाहीत. तिसरी जागा टायरची, आणि ती सर्वांत स्वस्त आहे.

तीन किलो वजन कमी करण्यासाठी दोन-तीन लाख जादा द्यावेत का?

कागदावर मांडून पाहू. चालवणारा ७० किलोचा आणि सायकल १४ किलोची धरली तर एकूण भार ८४ किलो होतो. सायकल ११ किलोची घेतली तर तो ८१ किलो होईल, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी. चढावर बहुतेक ताकद वजन वर नेण्यातच खर्ची पडते, म्हणून वेळही साधारण तेवढ्याच टक्क्यांनी वाचतो. वाघबीळपासून पन्हाळ्यापर्यंत चढायला समजा तीस मिनिटे लागत असतील, तर या तीन किलोंनी मिनिटभर वाचेल. सपाट रस्त्यावर तेवढेही नाही. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्यांचे वजनच दीड किलो होते.

स्पर्धेत एक मिनिट म्हणजे पुष्कळ होते आणि तिथे हा खर्च समजू शकतो. रविवारी सकाळी मित्रांबरोबर जाणाऱ्याने तोच पैसा वर्षभर वाटेवर राहण्यासाठी ठेवावा.

कार्बन घ्यावा की अ‍ॅल्युमिनियम?

आपल्या भागासाठी माझा कल अ‍ॅल्युमिनियमकडे आहे. पन्हाळा आणि मसाई पठाराचा माथा जांभ्या दगडाचा आहे. हा दगड सच्छिद्र असतो आणि त्याच्या तुटलेल्या कडा धारदार असतात. पुढच्या चाकाने उडवलेला तुकडा फ्रेमच्या खालच्या नळीवर आदळला की अ‍ॅल्युमिनियमला पोचा येतो, तो दिसतो आणि बोट फिरवून त्याची खोली कळते. कार्बनवर बाहेरून फक्त रंग उडालेला दिसू शकतो आणि आतले थर सुटलेले असू शकतात. नाण्याने ठोकून आवाज ऐकण्याची पद्धत सगळे वापरतात, मीही वापरतो, पण तेवढ्यावर विसंबून कोणाला उतारावर जा असे सांगण्याचे धाडस मला होत नाही.

याचा अर्थ कार्बन कच्चा असतो असे मुळीच नाही. नीट केलेली कार्बन फ्रेम अत्यंत मजबूत असते आणि तिच्यात अ‍ॅल्युमिनियमसारखा थकवा साचत नाही. तिची दुरुस्तीही होते, पण ती करणारे जाणकार हात मोठ्या शहरांत आहेत. अ‍ॅल्युमिनियमबद्दलही एक सावधगिरी सांगतो. फ्रेमला चीर गेली तर आपल्याकडे उत्तम आर्गन वेल्डिंग करणारे कारागीर आहेत म्हणून ती लगेच जोडून घेऊ नये. ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला वेल्डिंगनंतर भट्टीत उष्णतेची प्रक्रिया देऊन ताकद आणलेली असते. पुन्हा वेल्ड केले की सांध्याशेजारचा धातू मऊ पडतो, आणि पुढची चीर सांध्याच्या बाजूला जाते.

आपल्याकडच्या वाटांना फुल सस्पेन्शन लागते का?

वाट कोणती यावर ते ठरते. मसाई पठारावर दूरवर सपाट जांभा आणि गवत आहे, तिथे चांगल्या टायरची हार्डटेल आनंदाने चालते. पन्हाळ्यावरून पावनखिंडीच्या दिशेने जाणाऱ्या जुन्या वाटेवर मुळे, चिखल, ओढे आणि सुटे दगड आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी सायकल खांद्यावर घ्यावी लागते. सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडताना मागचा शॉक आणि त्याचे सांधे यांचे वजन मानेला चांगलेच जाणवते.

परदेशात १५० ते १७० मिलिमीटर सस्पेन्शनच्या सायकली लोकप्रिय आहेत, कारण तिथल्या अनेक डोंगरांवर पाळण्यातून माथ्यावर जाता येते आणि फक्त उतरायचे असते. आपण पायडल मारत चढतो, म्हणून १०० ते १३० मिलिमीटर पुष्कळ झाले. वय पन्नाशीच्या पुढे असेल किंवा पाठीचे दुखणे असेल तर मात्र फुल सस्पेन्शनवर खर्च करावा असे मी आग्रहाने सांगतो. सुट्या दगडांच्या चढावर मागचे चाक जमिनीला चिकटून राहते हाही त्याचा खरा लाभ आहे, केवळ उतारापुरता तो नाही.

दाजीपूर आणि राधानगरीचा परिसर अभयारण्य आहे. सायकल कितीही सक्षम असली तरी वन विभागाच्या परवानगीशिवाय ती तिथल्या वाटांवर नेऊ नये.

देखभालीला वर्षाला किती खर्च येतो?

विकत घेताना कोणी विचारत नाही आणि नंतर सर्वांना सतावतो तो हा प्रश्न. रॉकशॉक्स कंपनीच्या बहुतेक फोर्कना ५० तास चालवल्यावर खालच्या भागाचे तेल बदलायचे असते आणि २०० तासांनी पूर्ण उघडून सील बदलायची असतात. फॉक्सची मुदत १२५ तास किंवा एक वर्ष अशी आहे. दर रविवारी तीन तास चालवणाऱ्याचे ५० तास चार महिन्यांत भरतात. आपल्या पावसात मी त्याहीपेक्षा लवकर उघडतो.

एका पावसाळ्यानंतर माझ्याकडे आलेला एक फोर्क आठवतो. सायकल साडेपाच लाखांची होती, मालक हौशी आणि काळजी घेणारा होता, दर राईडनंतर प्रेशर पंपाने ती धूत असे. खालचे दोन बोल्ट सैल करून प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकले आणि फोर्कचे खालचे पाय ओढून काढले. स्वच्छ सोनेरी तेल यायला हवे होते, त्याऐवजी दुधाच्या चहासारखे गढूळ पाणी ट्रेमध्ये उतरले. सीलखालच्या फोमच्या कड्यांत लाल गाळ इतका बसला होता की बोटांनी दाबल्यावर त्याची वात निघाली. वरच्या नळीच्या मागच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा लेप घासून जाऊन पांढरा धातू दिसत होता. तेल आणि सील यांचा खर्च दोन-तीन हजारांचा होता; तो टळला म्हणून वरचा पूर्ण संच बदलायची वेळ आली, आणि त्याची किंमत ऐकून तो गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. प्रेशरच्या धारेने चिखल धुतला गेला होता आणि तोच सीलच्या आत ढकललाही गेला होता. बादली, मऊ ब्रश आणि साधे पाणी वापरावे, ही विनंती मी तेव्हापासून प्रत्येकाला करतो.

चेन हा दुसरा नियमित खर्च. १२ गिअरची चेन ०.५ टक्के ताणली की बदलावी. मोजपट्टी काही शे रुपयांत मिळते. चेन वेळेत बदलली नाही तर कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, झिजते, आणि वरच्या श्रेणीची कॅसेट डिओरच्या कॅसेटच्या कितीतरी पट महाग असते. यातून एक सोपी वाट आहे. एक्सटीआर बसवलेल्या सायकलीवर डिओरची १२ गिअरची चेन आणि कॅसेट व्यवस्थित चालते, वजन तेवढे थोडे वाढते. झिजणारे भाग खालच्या श्रेणीचे आणि न झिजणारे वरच्या श्रेणीचे ठेवणे हा मला सर्वांत शहाणपणाचा खर्च वाटतो.

ब्रेक पॅडमध्ये पावसाळ्यासाठी सिंटर केलेले, म्हणजे धातूच्या भुकटीचे, घ्यावेत. लाल चिखलात राळेचे पॅड एका लांब राईडमध्येही संपलेले मी पाहिले आहेत. ट्यूबलेस टायरमधले सीलंट आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात सुकते, ते दोन-तीन महिन्यांनी तपासावे. बाभळीच्या काट्यांसमोर त्यानेच निभावते.

महागड्या सायकलीचे सुटे भाग कोल्हापुरात मिळतात का?

काही मिळतात, आणि कोणते मिळतात हे खरेदीपूर्वी समजून घेतले तर पुष्कळ मनस्ताप वाचतो. फुल सस्पेन्शनच्या सांध्यांत साधारणपणे ६९०२, ६८०२, ६९०० अशा प्रमाणित क्रमांकाच्या बेअरिंग असतात. जुनी बाहेर काढून तिच्या कडेवरचा क्रमांक वाचावा आणि उद्यमनगरातल्या बेअरिंगच्या दुकानात दाखवावा. काही शे रुपयांत काम होते. सांध्याचा बुश झिजला तर लेथवर बनवून घेता येतो. ही सोय अनेक मोठ्या शहरांतल्या सायकलस्वारांनाही नाही, आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

अडचण विशिष्ट मॉडेलसाठीच बनलेल्या भागांची असते. डिरेलर ज्या छोट्या पट्टीला लटकतो तिला हँगर म्हणतात. दोन बोटांएवढी ती अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मुद्दाम नरम ठेवलेली असते, म्हणजे दगडाला आपटल्यावर ती वाकते आणि फ्रेम वाचते. जवळजवळ प्रत्येक मॉडेलची हँगर वेगळी असे. माझ्या स्वतःच्या सायकलीची हँगर मसाई पठारावर तुटली तेव्हा दुकानाने चार दिवस सांगून अडीच महिने लावले. शेवटी तुटलेले दोन तुकडे जुळवून व्हर्नियरने मापे घेतली, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतून मिलिंगवर नवी काढली, कानशीने कडा मारल्या आणि डिरेलरच्या आट्यांसाठी टॅप फिरवला. ती आजही चालते. पण हे सर्वांना जमणारे नाही आणि जमायची वेळ येऊ नये. स्रॅमने २०१९ मध्ये युनिव्हर्सल हँगरचे माप खुले केले आणि आता अनेक कंपन्या ते वापरतात. नवी सायकल घेताना त्यात ही सामायिक हँगर आहे का, बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक फिरतात ती बेअरिंगची जागा, आट्यांचा आहे का आणि मागचा शॉक प्रमाणित मापाचा आहे का, हे तीन प्रश्न किमतीच्या आधी विचारावेत, आणि जादा हँगर त्याच दिवशी घेऊन पिशवीत ठेवावी.

बिनतारी इलेक्ट्रॉनिक गिअर घेण्यासारखे आहेत का?

ते उत्तम चालतात, केबलमध्ये चिखल जाण्याचा प्रश्न उरत नाही आणि हाताला त्रास असलेल्यांना फार सोयीचे पडतात. पण दगडावर आपटून तुटणारा भाग मागचा डिरेलर हाच असतो, आणि तो इलेक्ट्रॉनिक असला तर नुकसान कितीतरी मोठे होते. आपल्या वाटांवर मी केबलच पसंत करतो.

मुलगी किंवा मुलगा स्पर्धेत उतरतो आहे. तेव्हा तरी महागडी सायकल घ्यावी ना?

क्रॉस-कंट्री माउंटन बाइकिंग १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि तो साधनांचा खेळ आहे हे मान्य करावे लागते. साधनांच्या खेळाचा खर्च कोल्हापूर जिल्ह्याला नवा नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि त्या खेळातली रायफल व काडतुसे घरच्या खर्चात सहज बसणारी नसतात.

तरीही वाढत्या वयाच्या खेळाडूला आरंभीच चार लाखांची सायकल देऊ नये. एक तर उंची वाढते आणि दोन वर्षांत माप बदलते. दुसरे म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत वेळ कमी होतो तो सरावाने, वळण घेण्याच्या आणि उतार वाचण्याच्या कौशल्याने, आणि हे कौशल्य हार्डटेलवर चोख बसते, कारण ती चूक झाकत नाही. दीड लाखापर्यंतची हलकी हार्डटेल, चाकांचा एक चांगला संच, मोसमाप्रमाणे टायर आणि उरलेल्या पैशातून प्रवास, आहार व प्रशिक्षण अशी विभागणी मी पालकांना सुचवतो. राज्य पातळीवर सातत्याने पुढच्या क्रमांकांत येऊ लागल्यावर आणि उंची थांबल्यावर हलक्या कार्बन सायकलीचा विचार करावा. तेव्हा ते एक मिनिट खरोखर मोलाचे झालेले असते आणि त्या सायकलीची किंमत मला अवाजवी वाटत नाही.

किमती खाली येतील म्हणून थांबावे का?

वरच्या मॉडेलच्या छापील किमती खाली येण्याची अपेक्षा ठेवू नये. मात्र नवे मॉडेल आले की मागच्या वर्षीच्या मालावर सवलत मिळते, आणि दोन वर्षांच्या मॉडेलमध्ये पुष्कळदा रंगाखेरीज फारसा फरक नसतो. आपले माप शिल्लक असेल तर ती संधी सोडू नये. सवलतीसाठी मोठे किंवा लहान माप मात्र घेऊ नये.

वापरलेली महागडी सायकल अर्ध्या किमतीत मिळते आहे. घ्यावी का?

चार लाखांपुढच्या सायकलीची किंमत वसूल होण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग हाच आहे, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांतली मोठी घट आधीच्या मालकाने सोसलेली असते. पण ती नीट पाहून घ्यावी लागते, आणि त्यासाठी भर उजेडात अर्धा तास द्यावा.

मूळ पावती आणि फ्रेमवरचा क्रमांक जुळतो का हे पहिले पाहावे. फोर्कच्या वरच्या नळ्यांवरून नख फिरवावे. नख अडले तर लेप गेला आहे. सायकल सीटला धरून हलकेच वर-खाली करावी. टकटक जाणवली तर सांध्यांच्या बेअरिंग किंवा शॉकचे बुश बदलावे लागतील, आणि हा खर्च छोटा असला तरी भाव करताना सांगावा. चेनला मोजपट्टी लावावी. कार्बन असेल तर खालची नळी, बॉटम ब्रॅकेटच्या आसपासचा भाग आणि मागच्या चाकाशेजारच्या नळ्या ओल्या कापडाने पुसून एकेक इंच पाहाव्यात, आणि शंका आली तर सौदा सोडून द्यावा. फोर्कची शेवटची सर्व्हिस कधी झाली हे विचारावे. उत्तर गोलमोल आले तर पूर्ण सर्व्हिसचे पैसे किमतीतून वजा धरावेत.

२६ इंची चाकांची जुनी सायकल कितीही मोठ्या नावाची असली तरी मोजूनमापूनच घ्यावी. त्या मापाचे साधे टायर आपल्याकडे अजून सहज मिळतात, कारण स्वस्त सायकलींत ते माप चालू आहे, पण त्या मापाचा चांगला फोर्क शोधायला फार फिरावे लागते. ज्यांना शंका असेल त्यांनी सौदा पक्का करण्यापूर्वी सायकल शेडवर आणावी. स्टँडवर चढवून पाहण्याचे मी पैसे घेत नाही, फक्त ती धुऊन आणावी, आणि ती प्रेशर पंपाने धुऊ नये.